दोन बोटं खाली

ऑडिटच्या आदल्या दिवशी सकाळी हर्षदा दौंडच्या ट्रस्ट हॉस्पिटलच्या किरणोपचार विभागात शिरली, तेव्हा माशांच्या पेटीत एकच मासा होता. आदल्या संध्याकाळी सहा होते.

पेटी ट्रस्टच्या शिरूरच्या शाखेतून उसनी आणलेली. बाहेर बसलेल्या पेशंटांना मासे दिसले की त्यांचं मन शांत राहतं, असं एका विश्वस्तांनी कुठंतरी ऐकलं होतं. शिरूर ते दौंड टेम्पोत दोन मासे मेले. आकडा भरून काढायला गेणबाकाकांनी भीमेतून एक धरून आणून सोडला. तो आता पेटीच्या मधोमध, रात्रीतून जरा जाड होऊन, स्थिर उभा होता आणि बाकावरच्या पेशंटांकडे बघत होता.

"हा टिकंल बगा," काका म्हणाले. काका विभागाचे जुने वॉर्डबॉय, रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलेले. "ह्याला खायला आता कोन ऱ्हायलं न्हाई."

ऑडिटची तयारी अशी महिनाभर चालली होती. बाहेरून तीन जण येऊन दोन दिवस सगळं तपासणार होते: मशीन नीट चालतं का, पेशंटला ठरलं तेवढंच आणि ठरलं तिथंच मिळतं का, कागद जागच्या जागी आहेत का. कागदांची काळजी जास्त होती. सूचनापेटी रिकामी निघाली म्हणून काकांनी डाव्या हाताने बावीस सूचना लिहून टाकल्या होत्या. एकवीस कौतुकाच्या होत्या. बाविसावी होती, 'वॉर्डबॉयला बसायला स्टूल द्यावे.'

हर्षदा मूळची शिरूरची, दौंडात खोली घेऊन राहायची. इथं टेक्नॉलॉजिस्ट म्हणून लागून चार वर्षं झाली होती. काम म्हटलं तर सोपं. पेशंटला टेबलावर निजवायचं, जागेवर आणायचं, बाहेर येऊन हातभर जाडीचं दार लावायचं आणि मशीन सुरू करायचं. त्याला डॉक्टर रेडिएशन म्हणायचे आणि पेशंट शेक म्हणायचे. अवघड होतं ते जागेवर आणणं. मशीनला गाठ दिसत नाही. उपचार ठरतो तेव्हा पेशंटचा सिटी स्कॅन करून त्याच्या अंगावर जांभळ्या शाईने तीन ठिपके काढतात, एक छातीच्या मधोमध आणि दोन बाजूंना. भिंतींवरच्या लेझरच्या लाल रेघा रोज त्या तीन ठिपक्यांवर आणायच्या. रेघा ठिपक्यांवर बसल्या म्हणजे शेक बरोबर जागी पडतो. माणसाचं पुढचं सगळं आयुष्य त्या तीन ठिपक्यांवर, आणि शाई घामाने जाते.

पूर्ण गेली की पुन्हा स्कॅन, पुन्हा आखणी आणि आठ दिवस उपचार बंद. मागच्या ऑडिटमध्ये हे वर्षात एकतीस वेळा झाल्याचं निघालं होतं. अहवालात एक ओळ होती, 'खुणा पुसल्या जाण्याचे प्रमाण कमी करावे.' कसं, ते लिहिलं नव्हतं. ते हर्षदाने शोधून काढलं. तिने थर्माकोलची अक्षरं कापून भिंतीवर फलक लावला: खूण पुसली तर शेक बंद. खाली दुसरी ओळ: आज इतके दिवस, पुसलेल्या खुणा शून्य. पहिल्याच आठवड्यात साहेबराव नावाचे भांडगावचे एक म्हातारे ठिपका पुसून आले, त्यांना तिने सगळ्या बाकांसमोर उभं करून असं फैलावर घेतलं की ते घरी गेले ते तीन दिवस आलेच नाहीत. त्यानंतर शून्य कधी हललं नाही. आज एकशे त्रेचाळिसावा दिवस होता. ट्रस्टने तिला स्टीलची पाण्याची बाटली देऊन सत्कार केला होता. बाटली गळत होती.

त्या दिवशी दहाच्या सुमारास कंपनीचा माणूस आला आणि त्याने मशीनचा फोटोचा पडदा दुरुस्त केला. पेशंट टेबलावर असताना आतल्या हाडांचा फोटो काढून तो स्कॅनशी ताडून बघायची ती सोय. दर पेशंटचा आठवड्याला एक फोटो काढायचा, हा नियम. पडदा नऊ आठवडे बंद होता. नऊ आठवडे फायलींमध्ये 'फोटो: समाधानकारक' असं लिहिलेलं होतं. ते हर्षदा दर शनिवारी एका बैठकीत लिहून काढायची. निम्मं निळ्या पेनाने, निम्मं काळ्या पेनाने, आणि खरं वाटावं म्हणून मध्येच एखादा रकाना कोरा. खाली फिजिसिस्ट रविराज सर सही करायचे. मशीनचं मोजमाप आणि आखणी त्यांच्याकडे होती, विभागाच्या गुणवत्तेचे प्रमुखही तेच.

"एक तरी खरा फोटो पाहिजे," सर म्हणाले. "उद्या ते समोर काढायला लावतील. चांगला पेशंट निवड. खुणा ठसठशीत असलेला."

विभागात सगळ्यात ठसठशीत खुणा कुणाच्या, हे विचारायची गरज नव्हती. वच्छलाबाईंच्या.

वच्छलाबाई भांडगावच्या पुढच्या वाडीतल्या. घरात पूर्वी मेंढरं होती, आता दीड एकर बागायत आणि दोन शेरडं. डाव्या बाजूचं ऑपरेशन होऊन त्या पंचवीस शेक घ्यायला येत होत्या. अठरा झाले होते. नवरा ज्योतिबा रोज सोबत यायचा आणि बाहेर माशांच्या पेटीसमोर बसून राहायचा. बाईंचे ठिपके दिवसेंदिवस फिके होण्याऐवजी तसेच राहिले होते. हर्षदाला वाटायचं अक्षदा गडद करत असेल, कारण दुसऱ्या पाळीला अक्षदा असायची. अक्षदाला वाटायचं हर्षदा करत असेल. दोघी फाइलमध्ये 'खूण: स्पष्ट' लिहायच्या. एकदा अक्षदाने 'एकदम मस्त' असं लिहिलं होतं.

हर्षदाने बाईंना निजवलं, लाल रेघा ठिपक्यांवर आणल्या, बाहेर आली आणि फोटो काढला.

फोटो जुळेना. फासळ्या जिथं असायला हव्या होत्या तिथं नव्हत्या. तिला वाटलं पडदा तिरका बसवलाय. कंपनीच्या माणसाने तपासलं, पडदा सरळ होता. पुन्हा काढला. पुन्हा तेच. स्क्रीनवर मोजपट्टी लावली, तर तीन सेंटिमीटर. शेक तीन सेंटिमीटर खाली पडत होता.

ती आत गेली. छातीवरच्या ठिपक्यावरची पारदर्शक चिकटपट्टी काढली आणि खाली वाकून पहिल्यांदाच तो नीट बघितला. तो जांभळा नव्हता. हिरवट काळा होता. तिने कापसावर स्पिरिट घेतलं आणि पुसलं. मग जोरात पुसलं. कापूस पांढराच राहिला.

"मावशी, हे कुणी काढलं?"

वच्छलाबाई जराशी लाजल्या. "जात न्हाई न्हवं?"

"नाही जात."

"जायाचंच न्हाई. मरस्तवर ऱ्हातंय. गोंदून घेतलंय."

हर्षदाने कापूस बाजूला ठेवला. बाई निजल्या निजल्या, छताकडे बघत सांगू लागल्या. चार शेक झाले होते तेव्हाची गोष्ट. घरी देवाचं जागरण होतं. ठिपक्यांच्या भ्यानं दहा दिवस नुसतं ओल्या फडक्यानं अंग पुसत होत्या. सून सविता म्हणाली, अशा पारोशा अंगानं देवापुढं कशा बसणार. तिनं कढत पाणी ओतलं, साबण लावला, वजरीनं पाठपोट घासलं. जागरण झाक झालं. सकाळी बघितलं तर तिन्ही ठिपके गेलेले.

"आन् तुमची ती पाटी. मला वाचाया येत न्हाई, पर ह्यांनी वाचून दावल्याली. आन् त्या भांडगावच्या म्हाताऱ्याला तुमी काय काय बोलला, ते बाकावरच्या बाया अजून सांगत्यात, म्या आयकलंय. म्हनलं, आपुन न्हाई बोलून घ्यायचं."

"मला सांगायचं होतंत, मावशी."

"तुमालाच भ्यालो न्हवं," बाई म्हणाल्या, तक्रार नसलेल्या सुरात, पाऊस आला म्हणून दोरीवरचे कपडे काढले असं सांगावं तशा.

हर्षदाने ज्योतिबाला आत बोलावून घेतलं, मशीनच्या खोलीत नाही, बाहेरच्या छोट्या खोलीत. तो दाराशी चपला काढून आला.

"मामा, गोंदणाऱ्याला जागा कुणी दाखवली?"

"म्याच. दुसरं कोन दावनार? वरवंडच्या बाजारात बसतोय त्यो, बॅटरीवर काढतोय. म्हनलं हितं एक, हितं एक आन् हितं एक." त्याने स्वतःच्या सदऱ्यावर बोट टेकवून दाखवलं. "त्यो म्हनला, आजोबा, नक्की का? म्हनलं, चाळीस वर्सं मेंढरं वळली. दोनशे मेंढरात आपलं कंचं, कुनाच्या अंगावर कंची खूण, ह्ये डोळं झाकून सांगतो. ही तर घरची बायकू हाय."

आणि मग त्याने विचारलं, "बराबर हाय न्हवं?"

"मशीन जरा तपासायचंय, मामा," ती म्हणाली. "आज शेक नाही. उद्या या."

तो मान हलवून गेला. तिचा खोटेपणा त्याला मशीनचा बिघाड वाटला.

रविराज सरांच्या टेबलावर उद्याचं सादरीकरण उघडं होतं. पहिल्याच पानावर हर्षदाच्या फलकाचा फोटो होता. तिने सगळं सांगितलं. सरांनी फोटो आणि स्कॅन एकमेकांवर ठेवून बघितले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितले. तीन सेंटिमीटर पुसण्याने कमी झाले नाहीत.

"हर्षदा, हे तू मला उद्या संध्याकाळी सांग."

"सांगितलं ना आत्ता, सर."

"नाही सांगितलंस. उद्या पाचनंतर ते चहाला बसले की सांगशील." सर हळू आवाजात, समजुतीने बोलत होते. "हे बघ. मार्कर घे, वर नवीन ठिपके काढ. उरलेले सात शेक बरोबर जागी देऊ. आता तर फोटोही निघतो."

"आणि आधीचे चौदा?"

"ते झाले."

"वरच्या पट्टीला ते मिळालेच नाहीत, सर. डॉक्टरांनी तीच पट्टी महत्त्वाची म्हटलं होतं. गळ्याखाली गाठी निघाल्या होत्या तिथं."

"मिळालेत," सर म्हणाले. "फाइलमध्ये मिळालेत."

त्यांनी चष्मा पुन्हा काढून टेबलावर ठेवला. त्यांनाही ते वाक्य ऐकू आलं असावं. चौदा शेकांची भरपाई करायची तर ते चुकल्याचं फाइलमध्ये यायला हवं. तरच डॉक्टर नवी आखणी करणार, तरच वरच्या पट्टीला जादा शेक मिळणार. आणि चुकले असं लिहिलं, की नऊ आठवडे 'समाधानकारक' कुणी लिहिलं हे विचारणार. सरांनी एक फाइल उघडून तिच्यापुढं सरकवली.

"खाली माझी सही आहे. वर तुझं अक्षर आहे. दोन पेनांतलं."

रविराज सर एरवी बरे होते. पेशंटांचे सरकारी योजनेचे फॉर्म ते जेवणाच्या सुट्टीत बसून भरून द्यायचे. आत्ताही ते उद्या दाखवायला दुसरी पेशंट शोधत होते. "तुळजाबाई घेऊ," ते म्हणाले. "तिच्याही खुणा चांगल्या ठसठशीत आहेत."

हर्षदा बाहेर आली. पेशंट संपले होते. गेणबाकाका बाकावर चढून फलकावरचा आकडा बदलत होते, उद्याची घाई आजच. त्रेचाळीसचा चव्वेचाळीस झाला. मे महिना चालू होता. बाहेर डांबर मऊ झालं होतं, एसी दुपारनंतर फक्त आवाज करत होता, आणि एकशे चव्वेचाळीस दिवसांत एकाही बाईच्या अंगावरची शाई घामाने गेली नव्हती. तिला हे आजपर्यंत स्वतःचं कर्तृत्व वाटत आलं होतं.

तुळजाबाईच्याही खुणा ठसठशीत आहेत.

तिने काकांना विचारलं, "काका, बाया इथं बसून काय बोलतात हो दिवसभर?"

"काय बोलत्यात. कुनाला किती शेक ऱ्हायलं, कुनाच्या तोंडाची चव गेली. आन् ठिपक्याचं. वरवंडला कोन बॅटरीवाला हाय म्हनं, तकडं जायाचं." काका बाकावरून उतरले. "मला वाटलं तुमीच धाडता."

ऑडिटवाले सकाळी साडेनऊला आले. प्रमुख मोनाली मॅडम होत्या, एका मोठ्या शहरातल्या कॅन्सर हॉस्पिटलातल्या डॉक्टर, पायात स्पोर्ट्स शूज, पाठीला सॅक. सत्काराचा नारळ त्यांनी घेतला आणि तो कुठं ठेवावा ते न कळून सगळ्या फेरीभर हातात धरला. मशीन बघितलं, दाराचे दिवे बघितले. सूचनापेटी उघडून तीन सूचना वाचल्या आणि म्हणाल्या, "तुमचे पेशंट डावखुरे दिसतात." माशांच्या पेटीपुढं थांबून त्यांनी विचारलं, "एकच?" रविराज सर म्हणाले, "पेशंटला एकाग्रता साधते." हर्षदा मागून चालत होती. बाकांवर अकरा बाया बसल्या होत्या, वच्छलाबाई दुसऱ्या बाकावर, ज्योतिबा भिंतीला टेकून उभा.

मग मॅडम फलकापुढं थांबल्या.

"मेमध्ये पण शून्य?" त्या म्हणाल्या. "आमच्याकडं सगळीकडं एसी, तरी आठवड्याला दोघातिघांच्या जातात." आवाजात संशय नव्हता. संशय असता तर हर्षदाने कदाचित मान खाली घातली असती. पण मॅडमनी नारळ काखेत धरून वही काढली. "कुणी केलं हे? मला नीट सांगा. मी सातआठ हॉस्पिटलं बघते, सगळीकडं सुरू करायला सांगते."

सगळ्यांनी हर्षदाकडं बघितलं. रविराज सर हसत होते, फोटोसाठी हसतात तसं.

हर्षदाला सातआठ भिंतींवर थर्माकोलची अक्षरं दिसली. त्या प्रत्येकीच्या बाहेर कुठंतरी बाजार भरत असणार.

"पेशंटना घाबरवून, मॅडम," ती म्हणाली.

दोघे तिघे हसले.

"घाबरवलं, तर ते पुसल्याचं सांगायचे बंद झाले. पुसलेल्या खुणा घरी गोंदून घ्यायला लागले. एका पेशंटला चौदा शेक तीन सेंटिमीटर खाली गेलेत. काल फोटोत दिसलं. आधी दिसलं नाही, कारण पडदा नऊ आठवडे बंद होता. 'समाधानकारक' मी लिहीत होते."

हसणाऱ्यांना थांबायला जरा वेळ लागला, कारण तिने ते बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं होतं. मोनाली मॅडमनी वही मिटली. नारळ रविराज सरांच्या हातात दिला.

"अजून कितीजणी?"

"माहीत नाही. स्पिरिट लावून बघावं लागेल."

मग ते झालं. पडद्याआड एकेक बाई, हर्षदाच्या हातात कापूस, शेजारी मॅडम. स्पिरिटची बाटली धरायला कुणी नव्हतं म्हणून रविराज सर पडद्याबाहेर उभं राहून ती आत हात घालून धरत होते, दुसऱ्या हातात नारळ. पहिलीची शाई कापसाला लागली. दुसरीची लागली. तिसरीचा कापूस पांढरा. सातवी तुळजाबाई. तिने ठिपक्याभोवती पाच पाकळ्यांचं फूल काढून घेतलं होतं.

"नुसता ठिपका काय शोभत न्हाई," तुळजाबाई म्हणाली. "वच्छलाबाईनं पत्ता दिला, पर फूल माझं मी सांगितलं."

अकरांपैकी चौघी. चौघींचे लगोलग फोटो काढले. दोघींनी जांभळी शाई अंगावर असतानाच वरून गोंदून घेतलं होतं, त्या बरोबर निघाल्या. तुळजाबाई अर्ध्या बोटाने सरकलेली. वच्छलाबाई दोन बोटं.

दुपारी जेवणं झाली नाहीत. डॉक्टरांना बोलावलं, वच्छलाबाईंचा पुन्हा स्कॅन केला, आणि मॅडम स्वतः रविराज सरांच्या शेजारी बसून संध्याकाळपर्यंत आखणी करत राहिल्या. उरलेले सात शेक नव्या जागी, आणि नंतर फक्त वरच्या पट्टीला आठ जादा. ज्योतिबाला समजावून सांगायचं काम डॉक्टरांनी हर्षदाला सोबत बसवून केलं. ते त्याला म्हणाले, वाफ्याला पाणी दिलं पण वरचा कोपरा भिजला नाही, असं झालंय. ज्योतिबा म्हणाला, कळलं. मग म्हणाला, "आता पानी दिल्याव उगवंल का?" डॉक्टर म्हणाले, आपण देऊ, पण आधी जेवढी खात्री सांगितली होती तेवढी आता सांगता येत नाही. तीन महिन्यांनी तपासून बघू. ज्योतिबाने हर्षदाकडं बघितलंही नाही. तो स्वतःच्या उजव्या हाताच्या बोटांकडं बघत होता.

आठवड्याने दोन पत्रं आली, एकाच दिवशी. एक ऑडिटचा अहवाल. त्यात पडद्यापासून पेनांपर्यंत सगळं होतं, आणि एका रकान्यात लिहिलं होतं, 'चूक स्वतःहून सांगण्याची संस्कृती: उत्तम.' विश्वस्तांनी तेवढंच पान मोठं करून माशांच्या पेटीवर लावलं. दुसरं पत्र हर्षदाला होतं. नोंदी खोट्या लिहिल्याबद्दल सोमवारपासून निलंबन, चौकशी होईपर्यंत. रविराज सरांना ताकीद मिळाली. ती चूक वरच्या अक्षराची होती, खालच्या सहीची नाही, असं ट्रस्टने ठरवलं. फलक काकांनी उतरवला. थर्माकोलचं शून्य तेवढं तुटलं नाही, ते त्यांनी कुठं टाकावं म्हणून विचारलं. 

शनिवारी वच्छलाबाईंचा नव्या जागेवरचा पहिला शेक होता. हर्षदाने अक्षदाला सांगितलं, हा मी लावते. आणि मग नियमात नव्हतं ते केलं. बाईंना टेबलावर निजवून, अंगावर चादर नीट करून, ज्योतिबाला आत बोलावलं.

तो चपला काढून आला. दिवे मंद होते. भिंतीतून लाल रेघ निघून बायकोच्या छातीवर पडली होती, आणि रेघेवर नवा जांभळा ठिपका होता. त्याच्या खाली त्याचा ठिपका. त्याने विचारलं नाही, हात पुढं केला, दोघांच्या मध्ये दोन बोटं आडवी ठेवली. बरोबर बसली.

"दोन बोटं," तो म्हणाला.

"हो, मामा."

"चवदा दिस मग ते कुठं पडत व्हतं?"

तिने दाखवलं. खालची कातडी काळवंडली होती, धग लागलेल्या भांड्यासारखी.

"हितं काय व्हतं?"

"काही नव्हतं. चांगली कातडी होती."

ज्योतिबा बराच वेळ बघत राहिला. वच्छलाबाई छताकडे बघत होत्या. त्यांनीच शेवटी विचारलं, "झालं का न्हाई तुमचं दोघांचं? टेबल गार लागतंय."

एक काम उरलं होतं. जुन्या ठिपक्यांवर फुली मारायची होती, म्हणजे सोमवारी येणारी नवी मुलगी चुकून त्यावर रेघ आणणार नाही. हर्षदाने मार्कर काढला.

"खोडू नगा, ताई," बाई म्हणाल्या. "ह्यांनी दावून काढल्यालं हाय."

"खोडा," ज्योतिबा म्हणाला.

"शाई आहे, मामा," हर्षदा म्हणाली. "घामाने जाईल. रोज नवीन मारावी लागेल." आणि मग, जरा थांबून, "गेली तर सांगायचं. कुणी काही बोलणार नाही."

"रोज कोन मारनार?"

"जी असेल ती."

"तुमी नसनार?"

"नाही."

त्याने हात पुढं केला. तो काय मागतोय हे तिच्या लगेच लक्षात आलं नाही. मग तिने मार्कर त्याच्या हातात दिला. त्याने टोपण काढलं, तोंडात धरलं, वाकला, आणि चाळीस वर्षं मेंढरांवर खुणा केलेल्या हाताने आपल्याच ठिपक्यावर फुली मारली. फुली मधोमध बसली.

"आता बराबर हाय?" त्याने टोपण तोंडातून काढून विचारलं.

हर्षदाने वाकून बघितलं. या वेळी नीट बघितलं.

"बरोबर आहे, मामा," ती म्हणाली. "चला आता बाहेर."

ती त्याच्या मागून बाहेर आली आणि तिने जाड दार लावून घेतलं.